वई, गडगा आणि कुंपण : दमट किनाऱ्यावरील लाकडी कुंपणाचा विचार

मनमाड आणि रत्नागिरी ही दोन्ही गावे मराठी भाषेचीच. परंतु ‘कुंपण’ हा शब्द उच्चारला असता दोन्ही ठिकाणच्या माणसांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू उभी राहत नाही. मुंबईहून रेल्वेने सुमारे २६० किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या मनमाडच्या परिसरात कुंपण म्हणजे बहुधा बाभळीच्या वा बोरीच्या काट्या, तारेचे खांब किंवा उभे पुरलेले जुने लाकडी स्लीपर. रत्नागिरीच्या बाजूस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे त्याच प्रयोजनासाठी वई, गडगा असे निरनिराळे शब्द वापरात आहेत. हा भेद केवळ बोलीचा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. दमट हवेत लाकूड कसे टिकते आणि कसे कुजते, याचे पुष्कळसे ज्ञान या शब्दांत साठवलेले आहे.

‘वई’ हा शब्द संस्कृत ‘वृति’ आणि प्राकृत ‘वइ’ या मार्गाने मराठीत आला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शेताभोवतीच्या वृतीचे लक्षण दिले आहे : ती इतकी उंच असावी की उंटाला पलीकडचे दिसू नये, आणि तिच्यात कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल असे छिद्र नसावे. येथे उंचीचा आणि फटींचा विचार आहे; वृती कशाची करावी, याविषयी मात्र काही सांगितलेले नाही. शास्त्रकाराला प्रयोजन पुरेसे होते. कुंपण घालणाऱ्या माणसाला ते पुरत नाही, आणि म्हणून लोकभाषेने साधनाप्रमाणे शब्द वेगळे केले. बिनचुन्याच्या दगडी भिंतीला गडगा, काटक्या, फांद्या व बांबूच्या चिव्यांच्या आडोशाला वई, उभ्या रोवलेल्या लाकडाला मेढ. आणि अशा मेढींच्या तटबंदीला मेढेकोट.

नामांइतकीच क्रियापदेही बोलकी आहेत. गडगा रचतात, मेढ रोवतात, वई घालतात, मेंदी किंवा निर्गुडी लावतात. यांपैकी ‘रोवणे’ या एकाच क्रियेत मेलेले लाकूड मातीत जाते, आणि लाकडी कुंपणाचा खरा प्रश्न तेथेच सुरू होतो.

किनाऱ्यावरील लाकूड हवेतील दमटपणामुळे कुजते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. लाकूड कुजविणारी बुरशी वाढण्यास लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या वर जावा लागतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असली, तरी मोकळ्या हवेतील लाकडाचा ओलावा सुमारे १६ टक्क्यांवरच स्थिरावतो. म्हणजे नुसत्या दमट हवेने लाकूड सहसा कुजत नाही. ते कुजते साचलेल्या पाण्याने. खांब जमिनीत शिरतो तेथील वीतभर पट्टा, आडव्या फळीचा सांधा आणि खांबाचा उघडा माथा, ही पाणी धरून ठेवणारी तीन ठिकाणे होत. जमिनीच्या पृष्ठाशी ओल आणि प्राणवायू दोन्ही मिळत असल्याने खांब बहुधा तेथेच मोडतो. खोल मातीतला भाग पुष्कळदा शाबूत निघतो.

लाकडाची निवड करताना झाडाच्या नावापेक्षा लाकडाचा कोणता भाग हाती येतो, हे आधी पाहावे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत लाकडाचे खुंट अर्धवट जमिनीत पुरून त्यांची टिकाऊपणाची वर्गवारी केली जाते : सरासरी १२० महिन्यांहून अधिक टिकणारे पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात. सागाचा गाभा पहिल्या वर्गात येतो, आंबा तिसऱ्या. पण ही वर्गवारी गाभ्याची आहे. सालीलगतचे फिकट लाकूड सागाचे असले, तरी ते ओल्या मातीत लवकर जाते. म्हणून कोवळ्या सागाचा बारीक खांब, ज्यात गाभा थोडा आणि बाहेरचे लाकूड अधिक असते, केवळ सागाच्या नावावर घेणे म्हणजे नावालाच किंमत देणे होय. बांबूचा शत्रू वेगळा आहे. त्यातील पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो. म्हणून पावसाळ्यानंतर तोडून तो काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची चाल आहे.

बांधणीचे मुख्य तत्त्व, लाकूड मातीपासून दूर ठेवावे, हे आहे. कोकणातील जांभ्याचा बुटका गडगा येथे उपयोगी पडतो : खाली दगड, वर लाकूड. खांब पुरावाच लागला, तर खड्ड्याच्या तळाशी खडी घालावी, म्हणजे पाणी निघून जाते; भोवतीचे काँक्रीट जमिनीच्या किंचित वर आणून बाहेरच्या बाजूस उतरते करावे. खांबाचे तळ बंद करणारा काँक्रीटचा पेला मात्र पाणी साठवून लाकडाचा नाश करतो. माथा तिरका कापावा, फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवावी आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच असावी. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी खिळे गंजून सांधे फोडतात; तेव्हा जस्ताचा जाड मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरावेत.

रासायनिक संरक्षणाच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे ‘आस्कू’ हे मिश्रण सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये डेहराडून येथेच सिद्ध केले, आणि ते पुढे जगभर वापरले गेले. त्यातील आर्सेनिकमुळे अनेक देशांनी घरगुती वापरावर निर्बंध घातले. अमेरिकेत २००३ अखेर तसा वापर थांबविण्यात आला. अशा लाकडाचे तुकडे चुलीत जाळू नयेत. क्रिओसोट मुरविलेले जुने स्लीपरही मुलांचा किंवा भाजीच्या वाफ्याचा सतत स्पर्श होतो तेथे वर्ज्य मानावेत.

मनमाडसारख्या ठिकाणी हेच नियम वेगळ्या क्रमाने लागू होतात. तेथे वर्षाचा बराच काळ लाकूड कोरडे असते; त्याला उन्हाने चिरा पडतात आणि जमिनीतून वाळवी लागते. म्हणून तेथे वर्षानुवर्षे उभा राहिलेला खांब पाहून तोच किनाऱ्यावर रोवला, तर त्याच्या आयुष्याचा अंदाज चुकणारच. उलट, किनाऱ्यावरील जपणुकीचा सगळा खर्च मनमाडला करण्याचेही कारण नाही.

देखभालीचे वेळापत्रक सोपे आहे. मृगापूर्वी खांबाच्या पायथ्याशी साचलेला पाचोळा व माती बाजूला करावी, कुंपणावर चढलेले वेल काढावेत, आणि बोथट सुरीचे टोक जमिनीलगत लाकडात टोचून पाहावे. ते सहज आत गेले, तर खांब कुजला आहे. पावसाळा सरून लाकूड पुरते वाळल्यावर, म्हणजे कार्तिकाच्या सुमारास, तेल द्यावे. ओल्या लाकडावर दिलेला जाड रंग आतले पाणी आतच कोंडतो.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या म्हणीतील कुंपण अचल आहे, आणि प्रमाण मराठीतील ‘कुंपण’ या शब्दाने तोच भाव आपल्या मनात रुजविला आहे. वई मात्र एकदा उभारून विसरण्याची वस्तू कधीच नव्हती. तिची दरवर्षी डागडुजी होई, किंवा ती नव्याने घातली जाई. किनाऱ्यावरील लाकडाचा स्वभाव या शब्दाने अचूक ओळखला होता. त्याच्या जागी सरसकट ‘कुंपण’ आले, की दरवर्षीच्या त्या कामाची आठवणही मागे पडते, आणि न पाहिलेला खांब एखाद्या श्रावणात आडवा होतो. बोलींचे शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांनी अशा नामांबरोबर त्यांची क्रियापदे आणि कामाचा महिनाही नोंदवावा. शब्दाचा अर्थ पुष्कळदा तेथेच पूर्ण होतो.