उसातील प्रथिने, उष्णता आणि आपला उतारा



"रस कारखान्यात उकळतोच, मग तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडला म्हणून काय बिघडले?" असे पुष्कळ सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रथिनांच्या स्वभावात आहे, म्हणून ते मुळापासून सांगतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेला लांब धागा. हा धागा ठराविक घडी घालून बसतो आणि घडी शाबूत आहे तोवरच काम करतो. घडी धरून ठेवणारे बंध नाजूक असतात. उष्णता वाढली की धागा थरथरतो आणि मर्यादा ओलांडताच, थोड्याच अंशांच्या फरकात, घडी उलगडते. अंड्याचा पांढरा भाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट होऊ लागतो तो यामुळेच. उलगडलेले धागे एकमेकांत गुंततात, मग अंडे गार केले तरी पूर्ववत होत नाही.

काही रसायनेही हेच काम करतात. आपण उसाला घालतो तो युरिया त्यांपैकीच एक. लिटरभर द्रावणात सुमारे ४८० ग्रॅम युरिया असला तर बहुतेक प्रथिने साध्या तापमानालाच उलगडतात. युरिया त्याहून कमी असला तर थोडी उष्णता द्यावी लागते, पण नेहमीपेक्षा कमीच. (फवारणीच्या २ टक्के द्रावणात लिटरला २० ग्रॅमच असतो, तेव्हा धास्ती नको.) अमेरिकेतील ख्रिश्चन अँफिन्सेन यांनी एक प्रथिन युरिया व आणखी एका रसायनाने पूर्ण उलगडले. दोन्ही काढून टाकताच ते आपोआप मूळ घडीत आले व कामाला लागले. १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. साखरेचा गुण मात्र उलटा. दाट साखरपाण्यात प्रथिनाची घडी जास्त उष्णतेपर्यंत टिकते.

आता उसाकडे वळू. उसात इन्व्हर्टेज नावाचे प्रथिन असते. ऊस तुटला की ते साखर फोडून ग्लुकोज व फ्रुक्टोज करू लागते. गोडी राहते, पण त्याचा दाणा पडत नाही. शिवाय कापलेल्या तोंडातून जीवाणू शिरतात आणि साखरेपासून डेक्सट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. ३५-४० अंशांचे ऊन या प्रथिनांना मोडत नाही, उलट त्यांचा वेग वाढवते. म्हणून मार्च-एप्रिलात नुकसान जास्त.

कारखान्यात रस आधी सुमारे ७० अंशांपर्यंत तापवतात. मग चुना व गंधकाचा धूर देऊन १०० अंशांच्या पुढे नेतात. तेथे इन्व्हर्टेज उलगडून निकामी होते, जीवाणू मरतात, इतर प्रथिने साकळून गाळात बसतात. गुऱ्हाळात काहिलीवर जो मळ येतो, त्यातही अशी साकळलेली प्रथिने असतात.

पण उंदीर मारला म्हणून त्याने खाल्लेले धान्य कणगीत परत येत नाही! रस तापण्याआधी फुटलेली साखर गेली ती गेलीच. डेक्सट्रान तर प्रथिन नव्हे, ते उकळूनही मोडत नाही. रस चिकट होतो, गाळणी रेंगाळते, साखरेचा दाणा लांबुळका पडतो.

उसाचा दर उताऱ्याशी जोडलेला आहे आणि उतारा सगळ्यांचा मिळून निघतो. एकाच्या शिळ्या उसाची झळ सर्वांना बसते. वाळलेल्या उसाचे वजन घटते, तो तोटा मात्र ज्याचा त्यालाच. तेव्हा वाहन ठरल्याशिवाय कोयता लावू देऊ नका. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडेल असे पाहा. मोळ्या उन्हात न ठेवता पाचटाने झाका. ऊस जळाला तर त्याच दिवशी शेतकी खात्याला कळवा. गाडी वेळेवर आली नाही तर चिटबॉयला लगेच सांगा, गप्प बसू नका. रस तापवण्याचे काम कारखाना करील. त्याआधीचे तास आपल्या हाती आहेत.