स्वलेखन-पुनर्वापर

स्वलेखन-पुनर्वापर : आपल्याच पूर्वप्रसिद्ध लेखनातील मजकूर, सामग्री, कोष्टके, आकृत्या वा युक्तिवाद लेखकाने नव्या लेखनात पुन्हा योजणे, यास स्वलेखन-पुनर्वापर म्हणतात. असा वापर झाल्याचा निर्देश न करता ते लेखन सर्वस्वी नवे म्हणून वाचकांपुढे ठेवल्यास त्याला ‘आत्मवाङ्मयचौर्य’ असेही म्हटले जाते. ही दुसरी संज्ञा रूढ झाली असली, तरी ती फारशी समर्पक नाही. चोरी ही परक्याच्या वस्तूची असते. स्वतःच्या वस्तूची चोरी संभवत नाही. ⟶ वाङ्मयचौर्यात मूळ लेखकाचे श्रेय हिरावले जाते, तर येथे श्रेय ज्याचे त्याच्याकडेच राहते. आक्षेप असतो तो एकाच श्रमाचे श्रेय दोनदा घेण्याला आणि वाचकाची, संपादकाची वा परीक्षकाची दिशाभूल करण्याला. म्हणजे दोष पुनर्वापरात नसून तो लपविण्यात असतो. या विषयावरील बराचसा वाद हा भेद न ओळखल्यामुळे निर्माण झालेला आहे.

कोणताही अभ्यासक एकाच विषयावर दीर्घकाळ काम करीत असेल, तर त्याच्या लेखनात पुनरुक्ती अटळ असते. व्याख्यानाचा निबंध होतो, निबंधांचा ग्रंथ होतो आणि ग्रंथाची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघते. महाराष्ट्रातील विद्वत्परंपरेत याची अनेक उदाहरणे आढळतात. रा. गो. भांडारकर (१८३७–१९२५) यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास मुळात मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरसाठी लिहिला गेला. तो १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८९५ मध्ये त्याची सुधारित दुसरी आवृत्ती निघाली. लोकमान्य टिळकांचा ओरायन हा ग्रंथ १८९२ मध्ये लंडन येथे भरलेल्या नवव्या प्राच्यविद्या परिषदेसाठी तयार केलेल्या निबंधातून निर्माण झाला. परिषदेच्या वृत्तांतात त्याचा केवळ सारांश आला. पूर्ण निबंध टिळकांनी १८९३ मध्ये पुस्तकरूपाने काढला आणि प्रस्तावनेत ही हकीकत नमूद केली. पुढे १९०३ च्या आर्क्टिक होम इन द वेदाज या ग्रंथात त्यांनी ओरायनमधील निष्कर्ष पुन्हा मांडले, ते आपल्या आधीच्या ग्रंथाचा नामनिर्देश करूनच.

या बाबतीत सर्वांत बोधक उदाहरण महामहोपाध्याय पां. वा. काणे (१८८०–१९७२) यांचे आहे. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. १९२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी अलंकारशास्त्राच्या वाङ्मयाचा विस्तृत इतिहास प्रस्तावना म्हणून जोडला. १९५१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही प्रस्तावना आणखी वाढली व तिला हिस्टरी ऑफ संस्कृत पोएटिक्स हे नाव मिळाले. पुढे त्याच नावाने ती स्वतंत्र ग्रंथ म्हणून वाचकांच्या हाती आली. मुख्य ग्रंथापेक्षा प्रस्तावनाच अधिक ख्यातनाम व्हावी, असा हा योग आहे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा उगमही असाच एका प्रस्तावनेत आहे. नीलकंठाच्या व्यवहारमयूखाची आवृत्ती सिद्ध करीत असताना, तिच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्रवाङ्मयाचा संक्षिप्त इतिहास द्यावा, अशी कल्पना काणे यांना सुचली. सामग्री वाढत गेली आणि १९३० ते १९६२ या काळात त्या कल्पनेतून पाच खंडांचा ग्रंथ साकार झाला. त्यानंतरही पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती त्यांनी हाती घेतली व तिचा पहिला भाग १९६८ मध्ये निघाला. या साऱ्या प्रवासात जुना मजकूर पुनःपुन्हा नव्या रूपात आला. परंतु कोणता भाग केव्हा व कशासाठी लिहिला, हे प्रस्तावनांवरून वाचकाला कळत राहिले. पुनर्वापर प्रकट असला की तो दोष न ठरता विचाराच्या विकासाचा पुरावा ठरतो. दा. ध. कोसंबी यांच्या मिथ अँड रिॲलिटी (१९६२) या ग्रंथातील निबंधांबाबतही हेच म्हणता येते. त्यांतील काही निबंध आधी नियतकालिकांत आले होते.

जुन्या काळी एकच लेख दोन ठिकाणी छापण्याला व्यावहारिक कारणही होते. पुण्यातील त्रैमासिक नागपूरच्या वाचकाला सहजी मिळत नसे. छायाप्रत काढण्याची सोय नव्हती. त्यामुळे पुनर्मुद्रण हे ज्ञानप्रसाराचेच साधन होते. संशोधनपत्रिकांची संख्या वाढली, त्यांच्या सूच्या तयार होऊ लागल्या आणि विशेषतः प्रसिद्ध लेखांच्या संख्येवर नोकरी, बढती व अनुदाने अवलंबून राहू लागली, तेव्हा हे चित्र पालटले.

वैद्यकातील अनुभव : पुनर्वापर लपविल्याने प्रत्यक्ष अपाय कसा संभवतो, हे वैद्यकशास्त्रात सर्वांत स्पष्टपणे दिसून आले. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या पत्रिकेचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये असा नियम घातला, की ज्या लेखाचा आशय अन्यत्र प्रसिद्ध झालेला वा प्रसिद्धीसाठी पाठविलेला आहे, तो लेख स्वीकारला जाणार नाही. प्रारंभी या नियमामागे पत्रिकेच्या नावीन्याची काळजी अधिक होती. पुढे त्यातील शास्त्रीय गांभीर्य ध्यानात आले. शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या उलट्यांवर दिल्या जाणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधाच्या चाचण्यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्टिन ट्रामेर व त्यांचे सहकारी यांना त्यात असे आढळले, की चाचण्यांच्या प्रसिद्ध वृत्तांपैकी १७ टक्के वृत्ते आणि रुग्णविषयक सामग्रीपैकी २८ टक्के सामग्री दुबार होती. एकच चाचणी स्वतंत्र चाचणी म्हणून पुन्हा छापली गेली होती आणि तसे वाचकाला सांगितलेले नव्हते. ज्या चाचण्यांत औषधाचा गुण अधिक दिसला होता, त्याच दुबार छापल्या जाण्याचे प्रमाण मोठे होते. परिणामी सर्व चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात औषधाची परिणामकारकता २३ टक्क्यांनी फुगली. एकाच रुग्णाची गणना दोनदा होणे, ही येथे केवळ शिष्टाचाराची बाब राहत नाही. कोणते औषध किती भरवशाने द्यावे, हा चिकित्सकाचा निर्णयच तिच्यामुळे बिघडतो.

सामाजिक शास्त्रांत असा थेट अपाय दिसत नसला, तरी प्रश्न उरतोच. टायटॅनिक जहाजाच्या अपघातातून कोण वाचले, या विषयावरील एकाच सामग्रीवर आधारित लेख स्विस अर्थशास्त्रज्ञ ब्रूनो फ्राय व त्यांचे सहलेखक यांनी २०१०-११ या काळात चार पत्रिकांत प्रसिद्ध केले. त्यांत परस्परांचा निर्देश नसल्याबद्दल जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्ह्जच्या संपादकांनी २०११ मध्ये जाहीर पत्र छापले व फ्राय यांनी क्षमायाचना केली.

प्रकार : अख्खा लेखच दुसऱ्या पत्रिकेत नव्याने छापणे, हा सर्वांत ढोबळ प्रकार होय. त्याहून अधिक आढळणारा प्रकार म्हणजे एका अभ्यासाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र संशोधन म्हणून प्रसिद्ध करणे. यात एकही वाक्य पुन्हा आलेले नसते. त्यामुळे यंत्राने तो पकडता येत नाही आणि जाणकार परीक्षकालाच तो ओळखता येतो. जुन्या सामग्रीत थोडी भर घालून तोच निष्कर्ष काढणे आणि जुना मजकूर शब्द बदलून पुन्हा लिहिणे हेही प्रकार आहेत. यांपैकी शेवटच्या प्रकाराविषयी मतभेद आहेत. प्रयोगशास्त्रांत कार्यपद्धतीचे वर्णन काटेकोर असावे लागते. तेच उपकरण, तेच द्रावण आणि तेच तापमान असताना केवळ साम्य टाळण्यासाठी वाक्ये फिरविली, तर पद्धतच बदलली की काय, असा संशय वाचकाला येतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे केरी मॉस्कोविट्झ यांच्या नेतृत्वाखालील संशोधन-प्रकल्पाने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, नव्या संशोधनात मर्यादित मजकूर पारदर्शकपणे पुन्हा योजण्यास वाव ठेवलेला आहे.

भाषांतर हा मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा प्रश्न आहे. इरावती कर्वे यांचे युगान्त मराठीत १९६७ मध्ये आणि इंग्रजीत १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींचा वाचकवर्ग भिन्न आहे आणि दोन्हींचा परस्परसंबंध उघड आहे. येथे आक्षेपाला जागा नाही. वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही अशा दुय्यम प्रकाशनाला मान्यता दिली आहे. दोन्ही संपादकांची संमती असावी, मूळ प्रकाशनाचा अग्रक्रम राखला जावा, वाचकवर्ग वेगळा असावा आणि हा लेख अन्यत्र आलेल्या लेखाचे रूपांतर आहे, हे त्यावर छापलेले असावे, अशा तिच्या प्रमुख अटी आहेत. मराठीत लिहिलेला शोधनिबंध इंग्रजीत नेऊन दोन स्वतंत्र निबंध म्हणून दाखविणे मात्र वेगळे. मजकुरातील साम्य शोधणाऱ्या यंत्रणांना भाषांतर ओळखणे कठीण जात असल्याने ही पळवाट मोकळी राहिली आहे.

कायदा : नैतिक प्रश्न आणि प्रताधिकाराचा अथवा कॉपीराइटचा प्रश्न हे परस्परांहून वेगळे आहेत. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार सर्वसाधारणपणे लेखक हा आपल्या कृतीवरील हक्काचा पहिला स्वामी असतो. परंतु तो हक्क त्याने पत्रिकेला वा प्रकाशकाला लेखी अभिहस्तांकित केल्यास स्वतःचाच मजकूर पुन्हा छापण्यासाठी त्याला परवानगी घ्यावी लागते. अभिहस्तांकनाची मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे समजली जाते, अशी तरतूद कलम १९ मध्ये आहे. बहुतेक लेखक करारावर सही करताना हे कलम पाहत नाहीत. चित्रकार वा शिल्पकाराने आपल्या कृतीवरील हक्क विकलेला असला, तरी त्या कृतीसाठी स्वतः केलेले साचे व रेखाटने त्याला पुन्हा वापरता येतात, मात्र मूळ कृतीच्या मुख्य रचनेची पुनरावृत्ती होता कामा नये, अशी सवलत कलम ५२ मध्ये दिलेली आहे. ग्रंथकाराला त्याच्या टिपणांबाबत अशी नावानिशी सवलत नाही. उलटपक्षी, स्वतःचा हक्क स्वतःकडेच राखलेला लेखक कायद्याच्या दृष्टीने निर्दोष राहूनही विद्याव्यवहारात दोषी ठरू शकतो.

भारतातील नियमन : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत अध्यापकांच्या कामगिरीची गुणांकांवर आधारित मोजणी सुरू केली. २०१८ मध्ये केलेल्या सुधारित विनियमांच्या तक्त्यात विज्ञानशाखेतील प्रत्येक शोधनिबंधाला ८, तर भाषा व मानव्यविद्यांतील निबंधाला १० गुण ठेवण्यात आले. एका अभ्यासाचे तीन तुकडे केल्यास १० ऐवजी ३० गुण मिळू शकतात, हे यावरून उघड होते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ठाणे, डोंबिवली वा कल्याण येथील महाविद्यालयात आठवडाभर तासिका घेणाऱ्या अध्यापकापुढे बढतीसाठी हीच मोजपट्टी होती. पुनर्वापराचा मोह केवळ व्यक्तीच्या दुर्बलतेतून उद्भवत नाही. मोजणीची पद्धतही त्याला खतपाणी घालते.

त्याच वर्षी जुलैमध्ये आयोगाने वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम अधिसूचित केले. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून १० ते ४०, ४० ते ६० व ६० टक्क्यांहून अधिक, असे चढते स्तर ठरविण्यात आले. अखेरच्या स्तरावर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होणे आणि अध्यापकाच्या दोन वार्षिक वेतनवाढी रोखल्या जाणे, अशा शिक्षा आहेत. साम्य मोजताना संदर्भसूची, ऋणनिर्देश, योग्य निर्देशासह घेतलेली अवतरणे, प्रमाणभूत चिन्हे व समीकरणे वगळावयाची होती. परंतु या विनियमांतील वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे कार्य आपले म्हणून दाखविणे अशी असल्याने स्वलेखनाचा पुनर्वापर तिच्या कक्षेत नीट बसत नव्हता. ही उणीव आयोगाने २० एप्रिल २०२० च्या जाहीर सूचनेने भरून काढली. पुरेसा निर्देश न करता स्वतःचे पूर्वप्रसिद्ध लेखन पुन्हा छापणे व शैक्षणिक लाभासाठी ते नवे म्हणून सांगणे अस्वीकार्य आहे, असे तीत म्हटले आहे. निवड व बढतीचे निर्णय घेणाऱ्या समित्यांनी ही बाब तपासावी, अशी अपेक्षाही तीत आहे. या सूचनेचा रोख निर्देशाच्या अभावावर आहे, पुनर्वापरावर नाही, ही तिची जमेची बाजू होय.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र यंत्राने काढलेली टक्केवारी हाच निकाल मानण्याची प्रवृत्ती दिसते. २०१९ पासून शोधशुद्धी या योजनेखाली विद्यापीठांना साम्यशोधक संगणकप्रणाली पुरविण्यात आली. तिचा उपयोग निःसंशय आहे; पण ती साम्य दाखविते, अपराध नव्हे. याचा जाच पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विशेष झाला. २०१६ च्या विनियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे व परिषदांत दोन निबंध वाचणे सक्तीचे होते. तो निबंध प्रबंधातूनच निघणार, हे उघड होते. पुढे प्रबंधाची तपासणी होताना त्याच निबंधाशी साम्य आढळे आणि विद्यार्थ्याला आपलेच वाक्य आपले असल्याचे सिद्ध करावे लागे. यावर मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रासह विद्यार्थ्याचे स्वतःचे प्रकाशित निबंध तपासणीतून वगळण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी प्रकाशनाची ही सक्ती काढून टाकली. तथापि प्रबंधावरून पुढे ग्रंथ वा निबंध सिद्ध करताना मूळ प्रबंधाचे नाव, विद्यापीठ व वर्ष पहिल्याच पानावर तळटीपेत देणे आवश्यकच आहे. प्रबंध आता शोधगंगा या संग्रहात सर्वांना वाचावयास खुले असतात आणि पुढील वाचकाला दोन्ही लेखनांचा संबंध त्या तळटीपेवरूनच कळतो.