लढाई आणि लेकरू

लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? बंदूक, तोफ, विमान, शिपाई. पण लढाईत आणखी एक जण सापडतो. त्याच्या हाती बंदूक नसते. लढाई कोणी सुरू केली, हेही त्याला ठाऊक नसते. तो म्हणजे लहान मूल.

अशा लढाईत सापडलेल्या मुलांना एकदा आपल्या महाराष्ट्राच्या मातीने आसरा दिला. ती हकिकत आम्ही येथे सांगत आहोत.

युरोपात पोलंड नावाचा देश आहे. तिथेही आपल्यासारखी शेतकरी माणसे आहेत. गहू, बटाटे पिकवतात, गाई पाळतात. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला सोव्हिएट रशिया पूर्वेकडून आत शिरला. जात्यात दाणा सापडावा, तसा तो देश सापडला. दुसरे महायुद्ध सुरू झाले ते असे.

रशियाने आपल्या ताब्यातल्या भागातून १९४० च्या फेब्रुवारीपासून कुटुंबेच्या कुटुंबे उचलली. समजा, त्यांत एक आठ वर्षांची पोर आहे. तिने काय पाहिले असेल? रात्री दारावर थापा पडल्या. शिपाई आत आले. सामान बांधा म्हणाले. आईने पीठ, भांडी, पांघरुणे, जे हाती लागले ते गाठोड्यात भरले. गाय गोठ्यातच राहिली. मग मालगाडीचा डबा. त्यात माणसे कोंबलेली. बाहेर बर्फ. गाडी दिवसामागून दिवस चालतच होती.

कुठे नेले त्यांना? काहींना सैबेरियाच्या जंगलात, काहींना कझाकस्तानात. मोठ्या माणसांनी झाडे तोडायची. काम होईल तेवढी भाकरी मिळायची. थंडीने, भुकेने, आजाराने कितीतरी माणसे मेली. मुले पोरकी झाली.

राज्य कोणाचे आणि हद्द कुठली, हे मोठ्यांचे बोलणे. पोराला एवढेच कळते, की घर सुटले, बाबा दिसत नाही आणि आई रडते आहे.

१९४१ साली जर्मनीने रशियावरच चाल केली. तेव्हा रशियाला सोबती हवे झाले. त्याने पोलंडच्या लोकांना सोडले. १९४२ साली लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. त्यांत शिपाई होते, तशी बायका-मुलेही होती. पण या बायका-मुलांनी पुढे राहायचे कुठे?

त्यांतली काही जहाजाने कराचीला आली आणि तिथून पुढे आपल्याकडे. शेकडो मुलांना नवानगरच्या जामसाहेबांनी काठेवाडात बालाचडी येथे ठेवून घेतले. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे मोठी छावणी वसली. तिथे सुमारे ५,००० माणसे राहिली. बहुतेक बायका आणि मुलेच.

ते साल आपल्या भागालाही विसरता येणार नाही. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी हुतात्मे झाले. म्हणजे आपण स्वतः तेव्हा पारतंत्र्यात होतो. धान्याची टंचाई होती. तरीही परमुलखातल्या पोरांना इथे जागा मिळाली.

वळिवड्याला काय होते? राहायला खोल्या होत्या. दवाखाना होता, चर्च होते. आणि शाळा होत्या. प्राथमिक शाळा होत्या, हायस्कूलही होते. मुले आपल्या मायबोलीत शिकत. गाणी, नाटके, बालवीरांचे खेळ चालत. शिकवणारी माणसेही त्यांच्यासारखीच घर गमावलेली.

आता कोणी म्हणेल, पोटाची आग विझली म्हणजे झाले, शाळेची एवढी घाई कशाला? आम्हांला वाटते, त्यातच खरे शहाणपण होते. ज्या पोराचे सगळे विस्कटले, त्याला रोजचा एक नेम लागतो. सकाळी घंटा, मग धडा, मग खेळ. तो नेम लागला, की उद्याचा दिवस उगवेल असा भरवसा त्याला येतो.

लढाई १९४५ साली संपली. पण पुष्कळांना घरी जाता येईना. ज्या गावांतून त्यांना उचलले, ती गावेच आता रशियाच्या हद्दीत गेली होती. १९४८ पर्यंत छावणी उठली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी पोलंडला. एका मुलीने मराठी तरुणाशी लग्न केले आणि ती कोल्हापुरातच राहिली. २०१९ साली त्या मुलांपैकी काही जण वळिवड्याला येऊन गेले. तेव्हा ती मुले म्हातारी झाली होती. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.

रिकाम्या छावणीत मग फाळणीत घर सुटलेली सिंधी कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर. आपल्या जवळही तसेच घडले. मुरबाडहून कल्याणला जाताना उल्हासनगर लागते ना? तिथे महायुद्धात लष्कराची छावणी होती. सिंधी निर्वासित तिथे राहिले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले.

घर सुटायला लढाईच लागते असे नाही. शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांतून दिवाळीनंतर कितीतरी घरांना कड्या लागतात. आईबापांबरोबर पोरेही वीटभट्टीवर जातात. ही काही लढाई नव्हे. पण शाळा सुटते ती सुटतेच.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावे लागते. दाखला हाती नाही, म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. भट्टीवर पोचलात, की जवळची शाळा विचारा आणि पोराचे नाव घाला. सैबेरियाहून आलेल्या पोरांची शाळा वळिवड्याला भरली. आपल्या पोरांची भट्टीजवळ का भरू नये?