झोटवाड्याचे ऊन आणि थांबलेली गाडी

बँकेची नोकरी आणि बदली यांचे नाते आपणा सर्वांना ठाऊक आहेच. माझी बदली पुण्याहून जयपूरला झाली आणि आम्ही झोटवाडा या उपनगरात बिऱ्हाड थाटले. एकीकडे औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कालवाड रस्त्याच्या बाजूने वाढत गेलेली घरे आणि मधल्या मोकळ्या जागांवर बारीक वाळू. नव्या गावात आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांना करमेना, म्हणून मी रिमोटवर चालणारी एक बऱ्यापैकी मोटारगाडी आणली. त्या गाडीने किमया केली. आठवडाभरात त्याच्याभोवती पाच-सहा मित्र जमले.

मे महिना उजाडला आणि पारा चाळीस अंशांच्या वर गेला. संध्याकाळी पाच वाजता गाडी सात-आठ मिनिटे धावे आणि एकाएकी थांबे. सावलीत दहा-पंधरा मिनिटे ठेवली की पुन्हा सुरू होई. ‘सिग्नल जातो,’ असे निदान करून मी मोकळा झालो. रिमोटचे सेल बदलले, अँटेनाची तार सरळ केली, उपयोग शून्य. अखेर ‘तू ती वाळूत दामटतोस’ म्हणून मुलालाच रागावलो. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने गाडी बाहेर काढलीच नाही. मित्रही हळूहळू पांगले.

आमच्या शाखेचे एक ज्येष्ठ खातेदार विद्युत मोटारींच्या रिवाइंडिंगचा व्यवसाय करतात. सहज विषय निघाला, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, ‘‘साहेब, गाडी थांबते तेव्हा पुढची चाके वळतात का?’’ मी निरुत्तर झालो. इतक्या दिवसांत हे मी पाहिलेच नव्हते!

या प्रश्नाचे मर्म समजण्यासाठी गाडीची रचना थोडक्यात पाहू. रिमोटच्या रेडिओलहरी गाडीतील रिसीव्हर ग्रहण करतो. तो दोघांना हुकूम देतो : चाके वळवणाऱ्या सर्व्होला आणि मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरला. गंमत अशी, की रिसीव्हर आणि सर्व्हो यांना लागणारी वीजही बहुधा या स्पीड कंट्रोलरमधूनच मिळते. म्हणजे हुकूम देणारा अधिकारी आपल्याच हाताखालच्या कर्मचाऱ्यावर अवलंबून!

स्पीड कंट्रोलर अति तापला, की स्वतःच्या रक्षणासाठी मोटारीची वीज तोडतो. अशा वेळी चाके वळत राहतात, म्हणजे सिग्नल शाबूत असतो. चाकेही वळेनाशी झाली, तर रिसीव्हरवरचा दिवा पाहावा. दिवा विझला असेल, तर दोष विजेच्या पुरवठ्यात असतो. दिवा जळत किंवा लुकलुकत असेल, तरच लहरींवर संशय घ्यावा.

आपण बँकेतील माणसे तेरीज जुळली नाही, तर सगळी खाती एकदम खोडत नाही. एकेका नोंदीवर खूण करीत पुढे जातो. मीही तसेच केले. पहाटे सहा वाजता तीच गाडी, तीच बॅटरी, तेच अंतर. गाडी थांबली नाही. संध्याकाळी पाच वाजता रिमोट गाडीपासून जेमतेम दोन हातांवर धरला, तरी सातव्या मिनिटाला ती थांबली. सिग्नलचा दोष सहसा अंतराबरोबर वाढतो, तापण्याचा दोष वेळेबरोबर. चाके वळत नव्हती आणि रिसीव्हरचा दिवा विझलेला होता. लहरी निर्दोष ठरल्या.

गाडीचे कवच काढले आणि मी ओशाळलो. वाळू आत जाऊ नये म्हणून मीच पहिल्या आठवड्यात स्पीड कंट्रोलरभोवती स्पंज गुंडाळून वर चिकटपट्टी लावली होती. उष्णता बाहेर पडायला वाट उरली नव्हती. चूक मुलाची नव्हती, माझी होती.

स्पंज काढला, कवचाला पुढेमागे हवेसाठी छिद्रे पाडली, दातेरी चाकांतील वाळू ब्रशने झाडली. जाम झालेली चाके मोटारीला अधिक वीज ओढायला लावतात आणि त्यातूनही उष्णता वाढते. पुन्हा संध्याकाळचे पाच, पुन्हा तेच मैदान. या वेळी बॅटरी संपेपर्यंत गाडी धावली.

लहरींचा दोष कधीच नसतो, असे मात्र नाही. निकोला टेस्ला यांनी 1898 साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी चालणारी छोटी नौका दाखवली, तेव्हापासून हे तंत्र खूप पुढे आले. जुन्या 27 मेगाहर्ट्‌झच्या संचांत स्फटिक असे. उष्णतेने त्याची वारंवारता दशलक्षात 20 भागांनी सरकली, तरी फरक अवघा 540 हर्ट्‌झ. त्यापेक्षा तापून सुटलेला डाखाचा सांधा अधिक त्रास देतो. 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात 2005 मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्यावर चालणाऱ्या संचांत अँटेनाचे शेवटचे तीनेक सेंटिमीटर महत्त्वाचे. तो भाग कापू नये आणि धातूला चिकटू देऊ नये.

पालकांना आणखी दोन सूचना. तापलेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. लिथियम पॉलिमर बॅटरी उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ठेवू नये आणि फुगलेली तर मुळीच वापरू नये.

त्या संध्याकाळी मी चिरंजीवांना म्हटले, ‘‘बाळा, माझी चूक झाली. उगाच रागावलो तुला.’’ त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि रिमोट माझ्या हाती दिला. ‘‘बाबा, आता तुम्ही चालवा.’’ आमच्या खात्यातली चुकीची नोंद दुरुस्त झाली होती. मित्रमंडळीही दोन दिवसांत परतली.