स्टेपल गनची पिन बोटात घुसली तर

सोफा बनवणारे कारागीर आता हातोडीऐवजी हवेवर चालणारी स्टेपल गन वापरतात. माझ्याकडे येणाऱ्यांची जखम बहुधा डाव्या हाताला असते. कापड ताणून धरणारा हात तोच! गनमध्ये अडकलेली पिन काढण्याआधी हवेची नळी सोडवावी. नुसता कॉम्प्रेसर बंद करून भागत नाही, टाकीत हवा उरतेच.

पिन बोटात खोल किंवा सांध्याजवळ घुसली असेल तर पकडीने उपटू नका (हा मोह सर्वांनाच होतो). हात न हलवता दवाखाना गाठा. हाडाला लागले आहे का, हे एक्स-रे काढल्यावरच कळते. भोक टाचणीएवढे असले तरी सांध्यात जंतू शिरल्यास बोट कायमचे ताठ होऊ शकते. हळद दाबून बसू नये. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, तेही सांगावे.