डिस्चार्जनंतर फोन कोण करणार?

वर्गातला एक जण पंधरा दिवस कॉलेजला आलेला नाही. मग कुजबुज सुरू होते, ‘त्यानं जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला म्हणे.’ निफाडसारख्या गावात अशी बातमी माणसाच्या आधी एसटी स्टँडवर पोहोचते. तो परत येऊन बाकावर बसतो आणि सगळे गप्प. काय बोलायचं, हेच कळत नाही ना?

पण सोबतीची गरज असते ती नेमकी आताच. आधी झालेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा मोठा इशारा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांत अशा १८६७ जणांचा अभ्यास केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाशी शिवाय तासभर बोलणं झालं आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस झाली. पहिल्या गटात नंतर २.२ टक्के लोकांचा आत्महत्येने मृत्यू झाला, दुसऱ्यात ०.२ टक्के. ही विचारपूस प्रशिक्षित लोकांनी केली होती. तरी ‘कसा आहेस?’ विचारायला डिग्री लागत नाही.

‘का केलंस?’, ‘आईवडिलांचा तरी विचार करायचास’ हे नको. ‘तू आलास, बरं वाटलं’ एवढं पुरे. प्रॅक्टिकलच्या नोट्स द्या, एसटीत जागा धरा, डॉक्टरांच्या पुढच्या तारखेला सोबत जा. पहिल्या आठवड्यात सगळेच विचारतात. तुम्ही दुसऱ्या, सहाव्या महिन्यातही विचारा.

घरचे शिक्षेच्या भीतीने गप्प असतील, तर त्यांना सांगा : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानलं जातं. तिच्यावर उपचार आणि तिचं पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

पुन्हा तसे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर गुपित ठेवू नका, एकटं सोडू नका. घरच्यांना किंवा सरांना-मॅडमना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

आणि परत आलेले ते तुम्हीच असाल, तर कुणाला खुलासा देत बसायची गरज नाही. फक्त एका माणसाला सांगून ठेवा, ‘मला अधूनमधून फोन करत जा.’