वर्कशॉपमधून इंजिनिअरिंगकडे

आयटीआय : फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एका वर्षाचा.

डिप्लोमा : तीन वर्षे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना महाराष्ट्रात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश.

पदवी : बी.ई. किंवा बी.टेक., चार वर्षे. डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षाला बसतात. लेथवर मायक्रोमीटर लावून माप धरणाऱ्या हातांना ड्रॉइंग सोपं जातं. अडतं ते गणित, विशेषतः इंटिग्रेशन.

नोकरी सांभाळून : एआयसीटीईची २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतल्या वर्गांना परवानगी. कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव हवा.

एएमआयई : इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची (स्थापना १९२०) परीक्षा. पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच. फी भरण्याआधी हे नक्की पाहावे.